शंभर टक्के वीरधवल

लोणंदच्या शीतगृहात कामाला असलेल्या वीरधवलला कंपनीच्या शिकवणीत शंभर टक्के गुण होते, आणि ते सगळेच्या सगळे त्याच्या बायकोचे होते.

कंपनीनं शिकवणी मोबाईलमध्ये घातली तेव्हापासूनची ही भानगड. ॲप उघडलं की आधी व्हिडिओ, मग वाचायची पानं, मग प्रश्न, आणि सगळ्यात शेवटी प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक म्हणजे काय, तर तोंडाला मास्क लावून काढलेला फोटो! एकेक पुरं झालं की नावापुढं हिरवी खूण. पाळी संपवून आलेला वीरधवल जेवतानाच पेंगायचा आणि फोन रेश्माकडं सरकवायचा. "तू कर गं. तुला वाचायची आवड हाय," म्हणायचा. रेश्मा भाकऱ्या थापता थापता, शीतगृह थंड ठेवणाऱ्या अमोनिया वायूचे व्हिडिओ बघायची. वायू गळला तर वाऱ्याचा रोख कसा बघायचा, मास्कची परीक्षा कशी करायची, सगळं तिला पाठ झालं होतं.

तसं घरोघरी हेच चाललं होतं. कुणाची बायको शिकत होती, कुणाचा मेव्हणा, आणि खूण मात्र कामगाराच्या नावापुढं. पण बाकीच्यांनी उरकायचं म्हणून उरकलं आणि रेश्मा मन लावून शिकली, तिथंच घोळ झाला. सगळ्यांत जास्त गुण वीरधवलचे दिसले, म्हणून सांगलीहून आलेल्या सुरक्षा अधिकारी ऋचा मॅडमनी त्याला बचाव पथकाचा प्रमुख करून टाकलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. गडी मात्र प्रमुखाची लाल टोपी घालून असा मिरवत घरी आला की, खरं सांगून टाका म्हणायची रेश्माची छाती झाली नाही.

त्या दिवशी उजळणीची मुदत संपत होती, म्हणून तो फोन घरीच ठेवून कामाला गेला होता. रेश्मा प्रश्न सोडवत बसली. 'मास्क घट्ट बसण्यासाठी चेहरा कसा हवा?' तिनं 'दाढी नसलेला' यावर बोट टेकवलं. हिरवी खूण उमटली आणि रेश्मानं प्रश्न पुन्हा वाचला. हाच प्रश्न तिनं मागंही बरोबर सोडवला होता. प्रश्नातला चेहरा आपल्या नवऱ्याचा आहे, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

वीरधवलची दाढी छातीला टेकली होती. त्यांची लेक क्रांती हृदयाला भोक घेऊन जन्मली, तेव्हा तो म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. पोरगी बरी होऊ दे, तुझा रथ ओढल्याशिवाय वस्तरा लावणार नाही. पोरगी बरी झाली, अंगणात बागडायला लागली. रथही आता तोंडावर आला होता.

रेश्मा याच विचारात होती, तोवर शीतगृहाचा भोंगा वाजला. थांबून थांबून, तीनदा. व्हिडिओत ऐकलेला तोच भोंगा. पाठोपाठ हातातला फोन थरथरला. 'अमोनियाची गळती. पथकप्रमुख वीरधवल, तातडीनं गेटवर हजर व्हा.'

ज्याला सांगायचं त्याचा फोन तिच्याच हातात होता. तिनं पोरगीला शेजारच्या चंद्राबाईंच्या ओट्यावर बसवलं आणि पायांत चपला न घालताच पळत सुटली. तोंडानं एकच चाललं होतं, नाथा, त्यांना आत जाऊ देऊ नको.

गेटवर सगळी पाळी बाहेर येऊन उभी होती. नाकाला झोंबणारा वास येत होता. पहारेकरी नानासोनं हात आडवा घातला. "वैनी, म्होरं जाऊ नगासा. पाळीतला जोतिबा वायूच्या भ्यानं आतल्या खोलीत दार लावून बसलाय. वीरधवल त्याला आणाया निघालाय."

"ते जायला नगंत!" रेश्मा ओरडली आणि त्याच्या हाताखालून आत घुसली.

वीरधवल शीतगृहाच्या दाराशी उभा होता. तोंडावर मास्क, कमरेला दोर, बरोबर पथकातला शिवतेज, मागं दोर धरून राजवर्धन. मास्कच्या कडेनं दाढीचे केस बाहेर आले होते. शेजारी उभ्या असलेल्या ऋचा मॅडम म्हणत होत्या, "वीरधवल, तुमचे तर शंभर टक्के आहेत. घाबरू नका."

"त्यांचं न्हाईत ते!" रेश्मा म्हणाली. "समद्या परीक्षा म्या दिल्याती, मॅडम. त्यांनी एक व्हिडिओसुदीक बघितला न्हाई."

वीरधवलनं मास्क वर सरकवला. रागानं आणि शरमेनं तो लालबुंद झाला होता. "घरला जा! आत माणूस अडाकलाय, अन् तू हितं माझी अब्रू काढाया आलीस व्हय?"

"मास्क लावा परत," रेश्मा म्हणाली.

"अगं..."

"लावा म्हन्ते न्हवं!"

एवढ्या लोकांसमोर ती कधी अशी बोलली नव्हती. गोंधळून त्यानं मास्क खाली ओढला. रेश्मानं पुढं होऊन मास्कच्या हवा घ्यायच्या तोंडावर तळहात घट्ट दाबला. "आता श्वास घ्या. मास्क गालाला चिकटला तर खुशाल जावा. मी आडवी येनार न्हाई."

त्यानं श्वास ओढला. मास्क चिकटला नाही. दाढीतून वारा सरळ आत आला, आणि वाऱ्याबरोबर तो झोंबरा वासही. वीरधवल जोरात खोकला. डोळ्यांत पाणी तरारलं. त्यानं मास्क काढून हातात घेतला.

ऋचा मॅडमचा चेहरा पडला. मास्क लावलेला वीरधवलचा दाढीवाला फोटो त्यांनीच मंजूर केला होता. "शिवतेज, राजवर्धन," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुम्ही दोघं. आधी ह्या सांगतात तसं करून बघा."

रेश्मानं त्या दोघांच्या मास्कवर तळहात ठेवला. दोन्ही मास्क गालांना चिकटले. दोघं आत गेले. दोर सैल होत होत आत सरकत राहिला, मग थांबला. आता वीरधवल दोर धरून उभा होता. बऱ्याच वेळानं दोराला तीन हिसके बसले. खोकत, ओकत, पण आपल्या पायांनी जोतिबा दोघांबरोबर बाहेर आला.

घरी जाताना वीरधवलच्या डोक्यावर टोपी नव्हती. गुण पुसले गेले होते, साहेबांनी दुसऱ्या दिवशी जाब द्यायला बोलावलं होतं. दारात आल्यावर तो फुटला.

"चार मान्सांत अब्रू घालवलीस माझी."

"घालवली," रेश्मा म्हणाली. ती उंबऱ्यातच बसली. "अब्रू गेली. तुमी आलासा की."

बापाचा आवाज ऐकून क्रांती चंद्राबाईंच्या ओट्यावरून धावत आली. वीरधवलनं तिला उचलून घेतलं, तशी तिनं रोजच्यासारखी त्याच्या दाढीत बोटं घातली आणि ओढली. तो तसाच उभा राहिला. मग पोरगीला कडेवर घेऊन आत गेला आणि कोनाड्यातली कात्री शोधायला लागला.

"आवं, नवस हाय न्हवं?" रेश्मा उंबऱ्यातून म्हणाली. "रथ तोंडावर आलाय."

"नाथाला जाऊन सांगतो मी," तो म्हणाला. "तू आधी आरसा धर. अन् त्यो फोन हिकडं दे."