दुप्पट अक्षरं

"मशिनीला कोनी चाळीस केला?" मॅनेजर तुळशीराम भोईर दारातूनच ओरडला. "एका ओळीच्या दोन ओळी होतात. हापीस हाय का बालवाडी?"

"मी केलं, साहेब," कौसल्या म्हणाली. "मोड चाळीस टाकलं की ओळीत ऐंशीऐवजी चाळीसच अक्षरं बसतात, दुप्पट रुंद. पुस्तकातच दिलंय. मला तेवढंच दिसतं."

दापोड्याच्या त्या ट्रान्सपोर्टमध्ये ती तेरा वर्षं मालासोबत गाडीतून जाणाऱ्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, टाइप करत होती. त्र्याण्णव साली टाइपरायटर गेला, हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर आला आणि तिच्यापुढे नुसतं गवत उगवलं. चष्म्याचा नंबर वाढवून वाढवून डॉक्टर थकले. शेवटी कॉम्प्युटरबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकातून ही युक्ती तिने स्वतः खणून काढली, चिठ्ठीवर लिहून पडद्याखाली चिकटवली. कौतुक राहिलं बाजूला, सगळ्यांच्या पोटात दुखलं. शेजारच्या टेबलावरचा दामू तिला 'दुर्बीण' म्हणू लागला.

"उद्यापासून ऐंशीच," भोईरने बजावलं. "दिसत न्हाय तर घरी बस."

चार दिवस ती पडद्याला नाक लावून बसली. पाचव्या दिवशी गाडीच्या नंबरात आठाचा तीन झाला आणि कापडाच्या गाठी भलत्याच गाडीतून सुरतेला गेल्या. भोईरला हवंच होतं ते. त्याने तिला गोदामात धाडलं, गाठींवर कुंचल्याने नावं लिहायला.

"तितं लिव आता मोठं मोठं!" दामू खिदळला.

लिहिली तिने. वीतभर अक्षरं, एकही तिरपं नाही. संध्याकाळी हातांचा काळा रंग निघत नसे, तेव्हा मात्र तिला रागाने रडू यायचं.

पंधरा दिवसांनी भरलेल्या गाडीच्या यादीवर सही घ्यायला ती ऑफिसात आली. नवा माणूस मिळाला नव्हता, म्हणून त्याच गाडीची बिल्टी भोईर स्वतःच टाइप करत होता. पन्नाशी उलटली तरी चष्मा लावायची त्याला लाज वाटायची. पडद्याखाली तिची चिठ्ठी तशीच होती.

कौसल्या त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्याच्या खांद्यावरून तिला सगळं वाचता येत होतं.

"साहेब," ती म्हणाली, "गाडीचा नंबर चुकलाय. तीन नाय, आठ."

दामूने मान वर केली. भोईरने झटकन पडद्यावर पंजा ठेवला. दुप्पट रुंद अक्षरांची ओळ काही त्यात मावली नाही.

"सही करा," कौसल्या म्हणाली आणि यादी त्याच्या डोळ्यांपुढे धरली, थोडी लांबच.