आत कललेली चाकं
गॅरेजात तेव्हा जॅक दोन, नवे टायर दोन, तारा दिसू लागलेले जुने टायर दोन, चाकाचा कल जुळवायचे खास बोल्ट दोन आणि अतिशहाणा दीर एक, एवढा ऐवज होता. शेवटच्या नगाकडे पाहून वहिनीने नाक मुरडलं.

"भाऊजी, गाडी एवढी खाली बसवलीत ती कुणाला दाखवायला? मुंग्यांना?"

"रुबाब असतो वहिनी. तुम्हाला नाही कळायचा."

"कळतो की! टायर आतून सोलून निघालेत त्यावरूनच कळतो. नाकापेक्षा मोती जड."

दिराने आखूड स्प्रिंगा घालून गाडी चार बोटं खाली आणली होती. गाडी उतरली तशी पुढची चाकं वरून आत कलली, सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर आला आणि ती कड बघता बघता संपली. एरवी वहिनीने नुसती टिंगल करून सोडून दिलं असतं. पण घरात गाडी ही एकच, आणि खुब्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंना लांबच्या इस्पितळातून आणायचं होतं ते हिच्यातूनच. वाटेत टायर फुटला तर? म्हणून दोघांत ठरलं होतं: कल एक अंशाच्या आत आला तर गाडी अशीच राहील, नाही तर मूळच्या उंच स्प्रिंगा परत चढतील.

गॅरेज घरचंच; नवरा इंजिनं बघायचा, चाकं वहिनीकडे. तिने नवे टायर चढवले, खास बोल्ट घातले आणि चाकांचा माथा जाईल तेवढा बाहेर ढकलून ते आवळले.

"मी फोनवर मोजलं होतं," दीर म्हणाला. "अर्धाच अंश होता."

"फोन टेकवला कुठे होतात?"

"मडगार्डला."

"चाकाचा कल मडगार्डला विचारलात! उद्या सासूबाईंना ताप आला तर थर्मामीटर उशीला लावा."

हसतच तिने जॅक काढले आणि कल मोजायचं यंत्र चाकाच्या रिंगला लावलं. आतला कल उणे चिन्हाने मांडतात. डावीकडे उणे ०.८, उजवीकडे उणे ०.९.

"बसलं एकदाचं! माझा हात लागला म्हणून. तुमच्या अकलेवर सोडलं असतं तर चाकांनी लोटांगणच घातलं असतं."

दिराने उडीच मारायला हवी होती. तो मात्र चाकाशी उकिडवा बसून मान खाजवत राहिला.

"वहिनी, जॅक काढल्यावर गाडी पुढेमागे ढकलली नाही आपण."

वहिनीचा हात पुसता पुसता थांबला. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच खरं बोलत नाही. टायर जमिनीला धरून अवघडलेले राहतात, ढकलल्याशिवाय गाडी आपल्या उंचीवर बसत नाही. हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सुनवायची. आज जिभेच्या नादात तीच विसरली होती.

"माहितीये मला," ती फणकारली.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"पुरे! आणि बोललात कशाला? गप्प राहिला असतात तर रुबाब टिकला असता."

"मागे आई बसणारे ना."

वहिनीने यंत्र रिंगवरून काढून बाजूला ठेवलं. "मग बघत काय राहिलात?" ती म्हणाली. "लावा जोर."

दोघांनी गाडी पुढेमागे केली. ती कुरकुरत खाली बसली. डावीकडे उणे १.७, उजवीकडे उणे १.६. बोल्टांना पुढे सरकायला जागाच उरली नव्हती.

दिराने मूळच्या स्प्रिंगा स्वतःच आणल्या आणि स्वतःच चढवल्या. वहिनी डोक्याशी उभी राहून "उलटी नको, उलटी नको, गाडी आहे ती, पायजमा नव्हे" एवढाच हातभार लावत होती. मग तिने बोल्ट मधोमध आणून आवळले, जॅक काढले, आणि कुणी काही सांगायच्या आत दोघांनी गाडीला खांदा लावला.

डावं चाक उणे ०.४ अंश. उजवं उणे ०.५.