गाईड, एक प्रश्न आहे

धाकट्याने माइक तोंडाशी नेला, "नमस्कार मंडळी" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. मिनीबसमध्ये खिडकीशी, डोक्यावर टोपी नि गळ्यात कॅमेरा अडकवून, त्याची सख्खी थोरली बहीण बसली होती.

"ताई? अगं, तू कधी आलीस? घरी का नाही..."

"अहो गाईड," ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सुरू करा की. खोळंबलोय आम्ही."

प्रवासी हसले. धाकट्याने माइक पुन्हा तोंडाशी नेला.

वर्षापूर्वी आई गेली होती. त्याआधी दोन महिने ती अंथरुणाला खिळून होती, आणि ताईचा फोन आला की हा म्हणायचा, "झोपलीय. बरी आहे." सगळं उरकल्यावर त्याने कळवलं. ताईने आकांत केला तेव्हा म्हणाला, "लग्न होऊन गेलीस, आता तू इथली पाहुणी. उगाच कशाला धावपळ?" त्या शब्दाने वर्षभर ताईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पाहुणी तर पाहुणी! तिने हॉटेलात खोली घेतली आणि भावाच्याच शहरदर्शनाचं तिकीट काढलं.

सकाळभर तिने त्याला सळो की पळो केलं. "हा पूल कुणी बांधला? नक्की ना? मघाशी वेगळं नाव घेतलंत." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या की तिला बरं वाटायचं.

पण काचेच्या छताच्या बाजारात ती प्रश्न विचारायचंच विसरली. उन्हाचे हिरवे-निळे तुकडे फरशीवर पसरले होते. लग्न होईपर्यंत ती याच शहरात राहिली, पण तिचं शहर म्हणजे घर, शाळा आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान. सुट्टीच्या दिवशी वडील धाकट्याला खांद्यावर बसवून फिरायला न्यायचे. ती मागे राहून चादरी पिळायची. हे इतकं सुंदर होतं आणि कुणी आपल्याला दाखवलं नाही, या विचाराने ती आणखीच पेटली.

दुपारी बस सोडून सगळे जुन्या गल्लीत चालत निघाले. धाकट्याच्या कमरेला छोटा स्पीकर होता. ज्या निळ्या सज्ज्याच्या घरात दोघं वाढली, त्याच्यापुढून तो लगबगीने निघाला.

"गाईड, एक प्रश्न आहे. इथे कोण राहायचं?"

तो थांबला. "एक... शिवणकाम करणाऱ्या बाई."

"आता कुठे असतात?"

"वारल्या. आजारी होत्या."

"शेवटी कुणाची आठवण काढायच्या?"

एका म्हाताऱ्या प्रवाशाने कॅमेरा खाली घेतला.

"मुलीची," स्पीकर खरखरला. "रोज."

"मग आली का मुलगी?"

"तिला कळवलं नाही."

"का बरं?"

"कारण उशाशी मी बसायचो!" धाकटा एकदम ओरडला आणि सगळी गल्ली दणाणली. "औषध मी द्यायचो, अंग मी पुसायचो, आणि आईच्या तोंडी नाव हिचं! मला राग आला. म्हटलं, नाहीच येऊ द्यायची."

खालच्या दुकानातला शिंपी दारात येऊन उभा राहिला. हे ऐकून काळीज थंड होईल असं ताईला वाटलं होतं. झालंही, पण लगेच ते आतून चिरत गेलं. रोज. आई रोज नाव घेत होती.

"आभारी आहे," ती म्हणाली. "चला पुढे."

शेवटी सगळे मनोऱ्यावर चढले. वारा सुटला होता. नदी वळण घेऊन कुठवर जाते, ते ताईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि पोटभर पाहिलं. धाकटा माइक बंद करून शेजारी आला.

"ताई, चुकलो. माफ कर."

"नाही करणार."

ताईने पलीकडे बोट दाखवलं. "ते तळं कुठलं?"

"ते? तिकडे माझी उद्याची बस जाते."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "उद्याचंही तिकीट काढलंय मी. अगदी पुढची जागा."