माझ्या पट्ट्यावरची वाकडी शिवण

मी एक जुनी खेळाची बॅग आहे. मित्रांनो, फार जवळ येऊ नका, आणि आलातच तर नाकाला रुमाल लावा. दोन भावांचे मोजे, घामट बनियन आणि चिखलाचे बूट यांच्या सहवासात जिचं तारुण्य गेलं, तिच्याकडून अत्तराच्या वासाची अपेक्षा करू नये.

माझा जन्म बॅगांच्या कारखान्यात झाला नाही. मुलांचे बाबा एका कारखान्यात बसगाड्यांच्या सीटा शिवतात. एका बसच्या सीटांमधून उरलेलं हिरवं रेक्झिन त्यांनी बाजूला ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीत मला शिवलं. त्यामुळे मी मजबूत आहे, पण दिसायलाही थोडी बसच्या सीटसारखीच आहे. थोरल्याच्या मित्रांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर बसून "तिकीट, तिकीट" केलं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर थोडा आला.

घरात मुलगे दोन. थोरला फुटबॉलचा गोलरक्षक आणि धाकटा त्याच संघात चेंडू दिसेल तिकडे पळणारा. दोघांच्याही पायाला भिंगरी. जेवताना चेंडू, झोपताना चेंडू, आणि पुस्तक उघडलं की जांभई. आई दवाखान्यात नर्स. तिला सकाळी लवकर निघावं लागे, म्हणून मला भरायचं काम बाबांकडे आलं.

बाबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते मुलांच्या खेळाच्या आड कधी आले नाहीत. त्यांची काळजी वेगळीच होती. एका संध्याकाळी माझी चेन तपासताना ते आईला म्हणाले, "पाय तर यांचे छान पळतायत गं. डोकं मागे राहायला नको."

मग त्यांनी एक रीत पाडली. सामन्याच्या दिवशी बूट-मोज्यांसोबत ते माझ्यात अशी एक वस्तू ठेवायचे, जिचा खेळाशी काडीचाही संबंध नसे. कधी भिंग, कधी होकायंत्र, कधी कुठल्याशा पक्ष्याचं पीस. त्याबद्दल बोलायचे मात्र काहीच नाहीत. मुलांनी बसमध्ये मला उघडावं आणि रात्री जेवताना प्रश्न विचारावेत, एवढंच त्यांना हवं असे. प्रश्न यायचेही. बसमध्ये होकायंत्राची सुई सैरभैर का झाली, यावर एकदा सगळ्यांची ताटं निवली. बाबांनाही उत्तर येत नव्हतं. मग तिघं मिळून घरातला प्रत्येक चमचा सुईजवळ नेऊन बघत बसले आणि आईने कपाळाला हात लावला. त्या दिवसांत मला वाटायचं, आपल्याइतकं नशीबवान कुणी नाही.

पण एका अंतिम सामन्याच्या दिवशी बाबांनी माझ्यात एक जुनं गजराचं घड्याळ ठेवलं आणि सोबत छोटा स्क्रूड्रायव्हर. धाकट्याने बसमध्ये ते उघडलं, आतली चाकं डोळे भरून पाहिली, पुन्हा जोडलं आणि चालतंय का बघायला चावी दिली. मग ते माझ्यात टाकून तो विसरला. थोरल्याने नेहमीप्रमाणे मला गोलच्या जाळीमागे ठेवलं. सामना बरोबरीत होता. अगदी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. सगळं मैदान गप्प झालं, समोरचा मुलगा धावत आला, आणि माझ्या पोटात जो काही गजर सुरू झाला, तो थांबेचना. थोरल्याने क्षणभर मान वळवली. तेवढ्यात चेंडू जाळीत गेला.

माझा त्यात काय दोष? पण परतीच्या बसमध्ये मला कुणी मांडीवर घेतलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं, धाकट्याचं नावही येऊ दिलं नाही. थोरला ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने घड्याळ बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, यापुढे माझी बॅग मीच भरणार. मला फक्त खेळायचंय. बाकीचं काही नको."

बाबा म्हणाले, "बरं."

तेव्हापासून माझ्यात बूट, मोजे आणि हातमोजे एवढंच असायचं. मी हलकी झाले होते, पण मला ते हलकेपण सोसत नव्हतं. बाबा सवयीने एखादी वस्तू आणत, हातात धरून माझ्याजवळ उभे राहत आणि तशीच फळीवर ठेवून देत. जेवताना आता फक्त वाढा आणि पुरे एवढंच बोलणं व्हायचं. थोरला बसमध्ये डोळे मिटून बसे. बाबांना पराभवाचं काही वाटलं नव्हतं. मुलाचा आपल्यावरचा विश्वास गेला, त्याच्या मनाचं दार आपल्याच हाताने बंद झालं, हे त्यांना खात होतं. मी हे सगळं पाहत होते आणि मला बोलता येत नव्हतं.

मग एक दिवस माझा पट्टा तुटला. थोरला म्हणाला, आता नवीनच घेऊ. आई म्हणाली, आधी बाबांकडे घेऊन जा, मग बघू. म्हणून तो मला काखेत मारून कारखान्यात आला. लहानपणानंतर तो तिथे पहिल्यांदाच येत होता.

बाबा एका चालकाची सीट शिवत होते. चालक समोरच्या स्टुलावर बसला होता. बाबांनी त्याला पाठ कुठे दुखते ते विचारलं, तिथे हात ठेवून पाहिला आणि मग खडूने रेक्झिनवर रेघ ओढली. थोरला दारातच उभा राहिला. चालक गेला तरी तो हलला नाही. शेवटी त्याने विचारलं, "शिवण सरळ मधून का नाही नेली?"

बाबांनी मशीन थांबवलं. "माणसाचा भार मधे पडतो. तिथे शिवण टिकत नाही."

"मग ती बाजूला किती घ्यायची, हे कसं कळतं?"

बाबांनी त्याचा हात धरून सीटवर ठेवला आणि कुठे दाबायचं ते दाखवलं. मग फोम कुठे जाड, कुठे पातळ, दोरा मेणातून का ओढतात, असे एकामागून एक प्रश्न आले. किती दिवसांनी! रेक्झिनला भरून येत असतं, तर मला भरून आलं असतं.

"हे कधी माझ्या बॅगेत नाही ठेवलंत," थोरला म्हणाला.

बाबा ओशाळून हसले. "यात काय बघायचं? हे आपलं रोजचंच."

"मला शिवू द्या पट्टा."

त्याने शिवला. सुई दोनदा बोटात गेली आणि शिवण अशी वाकडी आली की नदीने लाजावं. बाबांनी ती उसवली नाही. त्यांनी दोरा तोडला, पट्टा ओढून पाहिला आणि मला मुलाच्या खांद्यावर अडकवलं. मग तोंड फिरवून ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मित्रांनो, आता मी खिळ्याला टांगलेली असते. माझी चेन अडकते, कोपरे फाटलेत. तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. तिला ओली कोंबून ठेवू नका, फाटली तर लगेच फेकू नका. आणि आणखी एक मागणं आहे. तुमच्यासाठी जगभरातलं नवल गोळा करणारा कुणीतरी तुमच्या घरात असतो. आपल्या स्वतःच्या कामातही काही नवल आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. एकदा त्याच्या कामाच्या जागी जा, त्याच्या हातांकडे बघा आणि विचारा, "हे असं का करता?"