बघू समिती

टेबल शेवटी हललं. भिंतीपासून सुटलं, हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि आजही तिथंच आहे. पण कंपनीच्या लेखी ते जागचं हललेलं नाही, त्यामुळे आपणही हे काही वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ.

तर टेबल जागेवरच होतं. त्याच्या शेजारी कॉम्प्रेसर होता, आणि टेबलाशी बसून धाकटी कपाटांच्या दारांना बिजागऱ्या लावत होती. घरीदारी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. या कामात तिचा जीव रमायचा. नवं दार पहिल्यांदा हूं की चूं न करता मिटलं की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा. कॉम्प्रेसर सुरू झाला की मात्र तो आवाज कानातून शिरून थेट दातांच्या मुळाशी जाऊन बसायचा, आणि हातातला स्क्रू कुठल्या भोकात घालायचा तेच तिला सुचेनासं व्हायचं. कायम होण्याआधीची चाचणीची मुदत संपत आली होती. टेबल हललं नाही तर नोकरी सोडायची, असं तिनं ठरवलं होतं, आणि ठरवल्यापासून तिला रडू येत होतं.

मुलाखतीत तिनं सरळ सांगितलं होतं, "मी ऑटिस्टिक आहे. मला टेबल कॉम्प्रेसरपासून लांब लागेल."

मालक म्हणाले होते, "बघू."

त्या दिवशी घरी थोरलीनं विचारलं, "काय म्हणाले गं?"

"बघू म्हणाले."

"म्हणजे नाही म्हणाले."

"कळतं गं ताई. 'बघू' म्हणजे नाही, 'नक्की बघू' म्हणजे अजिबात नाही. जन्मल्यापासून याच भाषेत राहतेय मी."

बहिणींना कळलं ते कंपनीलाही कळत होतं, पण मध्येच कंपनीनं ऑटिझमबद्दल प्रशिक्षण घेतलं. एक दिवसाचं, बिस्किटांसकट. प्रशिक्षक बाईंनी पडद्यावर ठळक अक्षरांत दाखवलं: 'असे कर्मचारी प्रत्येक शब्द शब्दशः घेतात. दिलेला शब्द पाळा.' मालकांना दरदरून घाम फुटला. आपण 'बघू' म्हणून बसलो होतो, आणि अजून बघितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी बघू समिती नेमली गेली. समिती रोज सकाळी ओळीनं यायची, टेबलाकडे बघायची, कॉम्प्रेसरकडे बघायची आणि समाधानानं परत जायची.

"साहेब, बघून झालं असेल तर हलवता का?" धाकटीनं सुपरवायझरना विचारलं.

"हलवायचा शब्द आपण दिलेला नाही," सुपरवायझर मायेनं म्हणाले. "न दिलेला शब्द पाळला तर तुझा गोंधळ उडेल. म्हणजे, उडेल म्हणजे... त्याला पंख नसतात हं."

"मला वाक्प्रचार कळतात, साहेब. मला कॉम्प्रेसर सोसत नाही."

"बघतोय ना आम्ही," ते म्हणाले आणि आणखी थोडं बघून गेले.

हळूहळू अख्ख्या कारखान्याची जीभ अवघडली. पोटात कावळे ओरडतायत म्हणत डबा उघडणाऱ्या हिशेबनीस बाई आता "मला भूक लागली आहे, पक्षी नाहीत," असं जाहीर करूनच उघडायच्या. वॉचमननं फाटकावर "काय म्हणतेस?" विचारायचं सोडलं, कारण धाकटी तेव्हा काहीच म्हणत नसायची.

एकटे पॉलिशवाले काका यातून सुटले. प्रशिक्षणाच्या दिवशी ते दाढ काढायला गेले होते.

"काय महाराणी, तोंड का पाडलंय?"

धाकटीनं चमकून वर बघितलं. कितीतरी दिवसांत तिच्याशी कुणी असं धड बोललं नव्हतं.

"कॉम्प्रेसर," ती म्हणाली. "डोकं उठतं त्यानं."

"मग टेबल तिकडं ने की. शिंगं फुटलीत का त्याला?"

"समिती बघतेय."

"बघू दे. बघायला पैसे पडत नाहीत. तू ते टोक धर. हां, पाय सांभाळ. तुझे नव्हे गं, टेबलाचे. एक लंगडा आहे."

चहाची सुट्टी संपायच्या आत टेबल खिडकीखाली गेलं.

दुसऱ्या सकाळी समिती आली, रिकाम्या भिंतीकडे बघितलं, 'कर्मचाऱ्याची तक्रार आढळली नाही' असा शेरा मारला आणि गेली. नंतर तर भिंत फारच सहकार्य करते, असंही समितीचं मत पडलं. इकडे खिडकीखाली दारं एकामागून एक गुपचूप मिटत राहिली, आणि धाकटी नोकरीत कायम झाली.

मालकांनी छोटा समारंभ ठेवला. टाळ्या मनातल्या मनात वाजवण्यात आल्या.

"आम्ही बघितलं, म्हणून हे घडलं!" मालक म्हणाले.

"बघून कुठं टेबल हलतं, शेठ?" मागून काका बोलले. "आम्ही दोघांनी उचललं ते. तुम्ही नुसते भिंतीला डोळे लावून बसला होतात."

सगळे गार पडले. डोळे, भिंतीला, आणि तेही तिच्यासमोर! सुपरवायझर धावत धाकटीकडे आले. "डोळे सगळ्यांचे जागेवर आहेत, घाबरू नकोस!"

"मी हसतेय, साहेब," धाकटी म्हणाली. पण तिचं हसणं कुणी हिशेबात धरलं नाही.

चौकशीत दोन निर्णय झाले. एक, अप्रशिक्षित हातांनी हलवलेलं टेबल हललेलं मानता येत नाही, सबब ते मूळ जागीच आहे. दोन, काकांना निवासी प्रशिक्षणाला पाठवावं.

काका परत आले त्या सकाळी धाकटी लवकर येऊन बसली होती.

"काय काका, काय दिवे लावून आलात?"

काकांनी नीट विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर फार सौम्य असं काहीतरी पसरलं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी कोणताही दिवा लावलेला नाही. माझ्या उभं राहण्याचा तुला त्रास होतोय का?"

धाकटीच्या हातातली बिजागरी हातातच राहिली. कॉम्प्रेसर लांब होता, खिडकीतून ऊन येत होतं, कसलाच आवाज नव्हता. आणि तिला पहिल्यांदाच तिथं करमेना.

मालक फेरीवर आले तेव्हा तिनं त्यांना गाठलं. ते म्हणाले, "लेखी दे. बघू." तिनं जेवणाच्या सुट्टीत लिहून दिलं:

'महोदय, पॉलिश विभागातील काका यांना प्रशिक्षणापूर्वीच्या स्थितीत, टोमण्यांसह, विभागास तातडीने परत करण्यात यावे. ते शक्य नसल्यास पर्यायी काका पुरवण्यात यावेत. मात्र त्यांना कोणी काहीही शिकवलेले नसावे, ही नम्र विनंती.'