तणाव नसलेलं गाव

सावरगव्हाणात तणाव नव्हता, ही मच्छिंद्रची खरी अडचण होती.

साल एकोणीसशे नव्वद. भोकरदन तालुक्यात हुंकार दलाच्या शाखा गाजरगवतासारख्या उगवत होत्या. मच्छिंद्रनंही फाट्यावर पत्र्याचा बोर्ड ठोकला होता. त्यावर गरुड पाहिजे होता, पण पेंटरला कोंबडाच जमायचा, म्हणून जरा रागीट कोंबडा काढून घेतला होता. त्या कोंबड्याखाली उभं राहून मच्छिंद्र रोज संध्याकाळी धर्म धोक्यात असल्याचं सांगायचा. पोरं ऐकायची, 'बराबर' म्हणायची आणि जेवायला जायची.

तालुकाप्रमुख अण्णासाहेब मात्र खूश नव्हते. आसपासच्या गावांत पोलीस बंदोबस्त लागून गेला होता. सावरगव्हाणात पोलीस यायचा तो समन्स द्यायला.

"त्यांची घरं किती रे तुझ्या गावात?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"एक."

"एकच?" त्यांचा चेहरा सोयरीक मोडल्यागत झाला. "बरं, एक तर एक. सोमवारी बंद हाय. ज्या गावात दम दिसंल, तिथला पोरगा उपतालुकाप्रमुख. जीप मिळंल वापरायला."

घरात मच्छिंद्रला भाजी कोणती करायची हेसुद्धा कोणी विचारत नसे. उपतालुकाप्रमुख हा शब्द त्याच्या घराच्या दारातून आत मावला नसता, एवढा मोठा होता.

ते एक घर म्हणजे शेख चांद. फाट्यावर लिंबाखाली त्याची पंक्चरची टपरी. तो आणि मच्छिंद्र शाळेत एकाच बाकावर बसून गणितात नापास झालेले. बंद म्हटलं की सगळ्यात आधी चांदच टपरीच्या फळ्या लावून जाफराबादला सासुरवाडीला निघून जायचा. आता बंद असलेलं दुकान बंद कसं पाडणार?

मच्छिंद्र त्याच्याकडं गेला.

"चांद्या, सोमवारी दुकान उघडं ठेव."

"बंद हाय ना तुमचा?"

"म्हणून तर. आम्ही येऊन बंद करणार."

चांदनं घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबली. बुडबुडे आले. "मीच केलं बंद तर न्हाई चालत?"

"त्याच्यात दम न्हाई दिसत."

"मारणार का?"

"येडा झाला का? आम्ही घोषणा देतो, तू थोडा वेळ न्हाई-न्हाई म्हण, मंग फळ्या लाव."

"कितीजण येणार? न्हाई, घरी शरीफाला चहाचं सांगून ठेवतो." मग त्यानं टपरीच्या नव्या फळीवरून हात फिरवला. "पण बघ हां मच्छ्या, आत्ताच केलीय."

"माझी जिम्मेदारी," मच्छिंद्र म्हणाला.

तिथून तो तडक तालुक्याला गेला आणि अण्णासाहेबांना सांगून आला, की सोमवारी एक टपरी उघडी राहणार आहे, बघायला या. दाखवलेला दम कुणी पाहिलाच नाही, तर त्याचा उपयोग काय?

सोमवारी चांद धुतलेला शर्ट घालून बसला होता. पोरांनी घोषणा दिल्या. चांद उठून, शाळेत कविता म्हणतात तसा म्हणाला, "न्हाई. मी दुकान बंद करणार न्हाई." एक पोरगं हसलं. मच्छिंद्रनं त्याला डोळ्यांनी दाबलं.

तेवढ्यात दोन जीपा आल्या. अण्णासाहेबांनी बाहेरगावची पोरं आणली होती. त्यांना ठरलेलं काहीच माहीत नव्हतं. आणि चांदला वाटलं, हेही ठरल्यातलेच. पाहुणे वाढले म्हणून त्यानं आवाज वाढवला.

"मी दुकान बंद करणार न्हाई! काय करता ते करा!"

हे शेवटचं त्यानं स्वतःच्या मनानं घातलं होतं.

अण्णासाहेबांनी मच्छिंद्रकडं पाह्यलं. "लई माजलाय की. तुझ्या ओळखीचा हाय का रे?"

एक शब्द बोलायचा होता. सगळी पोरं मच्छिंद्रच्या तोंडाकडं बघत होती. जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती.

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

टपरीपेक्षा टायर जास्त वेळ जळले. धूर केदारखेड्यापर्यंत दिसला म्हणतात. चांदला कोणी हात लावला नाही. तो शेवटपर्यंत मच्छिंद्रकडं बघत होता, आपलं पुढचं वाक्य कोणतं ते विचारल्यासारखा.

संध्याकाळी गावाला बंदोबस्त मिळाला. दुसऱ्या दिवशी चांद आणि त्याची बायको शरीफाबी एसटीत सामान टाकून गेले. मच्छिंद्र उपतालुकाप्रमुख झाला.

दल वाढलं. निवडणुका जिंकल्या, मिरवणुका लांबल्या, मच्छिंद्रला हार ओळीनं पडले. गावात पंक्चर काढणारा उरला नाही, म्हणून उपतालुकाप्रमुखांची जीप कधीकधी बैलांनी ओढून न्यावी लागायची. बैल तेवढे घोषणा देत नव्हते.

दल संपलं, तेही कुणी संपवलं असं नाही. खरा हुंकार कुणाचा, यावरून वरच्या लोकांत भांडण लागलं. एकाची दोन दलं झाली, दोनाची चार. तिघांनी मच्छिंद्रला काढून टाकलं, चौथ्याला तो माहीतच नव्हता. ज्या पक्षाविरुद्ध घसा बसवला, त्याच पक्षात अण्णासाहेब जाऊन बसले. पोरं जालना एमआयडीसीत सळयांच्या मिलला लागली. भट्टीपुढं पाळी करून आलेल्या माणसाला रक्त उसळवायला सवड नसते.

दोन हजार तीनला नवीन फौजदारांनी गावोगाव शांतता समित्या काढल्या. सावरगव्हाणचा अध्यक्ष मच्छिंद्र. अनुभव होता ना.

"समितीत दोन्ही समाज पाहिजेत," फौजदार म्हणाले.

म्हणून मच्छिंद्र चांदला शोधत एमआयडीसीत आला. चांदचं आता टायरचं मोठं दुकान होतं. कॉम्प्रेसर, दोन कामगार, पुढं सळयांच्या ट्रकांची रांग. चांदची दाढी पांढरी झाली होती. त्यानं बस म्हटलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"तणाव पाहिजे होता तवा मी," तो म्हणाला. "आता शांतता पाहिजे तर मीच. बाकीचं गाव काय करून राह्यलं रे?"

"निस्तं नाव दे. न्हाई तर एकदा गावाकडं ये तरी."

"कशाला?"

मच्छिंद्रनं कप खाली ठेवला.

"चांद्या, अण्णासाहेबांनी विचारलं तवा मी..."

"ऐकू आल्तं मला. हातभर तर लांब होतो."

"त्याचंच बोलायला..."

"समितीचं बोलायला आल्तास." बाहेर हॉर्न वाजला. चांदनं पाना उचलला. "गिऱ्हाईक हाय. दुसरं काही बोलायचं असंल तर नंबरानं ये."

भोकरदनची बस समोरच उभी होती. मच्छिंद्र बसकडं बघत बाहेर आला आणि शेवटच्या ट्रकमागं जाऊन उभा राहिला. त्याच्या मागं आणखी एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ, तुमची गाडी कुठंय?"

"गाडी न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. पुढचा ट्रक हलला, तसा तोही पुढं सरकला.