चर्चच्या पिंपात गूळ

बाळ निजलं की मी परसातल्या खोलीत जाऊन बसत असे. तिथं आप्पांची दोन लाकडी पिंपं होती. आप्पा म्हणजे माझे सासरे. तरुणपणी कॅम्पातल्या चर्चच्या बागेत ते माळी होते आणि तिथल्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून द्राक्षांची वाइन करायला शिकले. यंदा लढाईमुळं विलायतेहून वाइन आणणारी बोट बंद. आताच्या पाद्रीसाहेबांनी वर्षभराच्या पूजेची वाइन आप्पांवर सोपवली. अट एकच: द्राक्षाशिवाय तीत काही पडता कामा नये, पाणी नाही, साखरेचा कण नाही.

त्यांचं काम बघत राहावं असं. देठ एकेक खुडायचे, पाय घासून धुवायचे, मग तुडवण. रस फसफसू लागला की साली वर येऊन जाड थर धरतो. तो थर दिवसातून चारदा लाकडी दांड्यानं खाली दाबायचा. पिंपं उन्हानं तापू नयेत म्हणून ओली पोती गुंडाळायची. चव बघून आप्पा थुंकून टाकत. घोट कधी गिळला नाही.

"माझ्या बाळंतपणात एवढं जपला न्हाईसा," आत्ती, माझ्या सासूबाई, म्हणायच्या.

"तुझं दुखलं तर तू गावभर सांगत हुतीस गं. ह्याला कान लावाय लागतो."

एका दुपारी आप्पा बाजारला गेले असताना मी उगीच कान लावला. एक पिंप गप्प होतं, फसफस थांबलेली. बोट बुडवून चाटलं तर आंबट. माझ्या माहेरी, खानापूरकडं, बाळंतीण असो की व्यालेली म्हैस, गळाठली की आधी गूळ. मी भला मोठा खडा फोडून आत सोडला.

संध्याकाळी आप्पांनी कान लावला आणि लहान पोरासारखे हसले. "जागं झालं की गं! मी आशा सोडल्याली."

तो आनंद बघून माझी जीभ उचलली नाही.

सकाळी त्यांनी पटका बांधला. "पाद्रीसाबांस्नी सांगून येतो, दोन्ही पिंपं साधली."

आता गप्प बसले असते तर त्यांचाच शब्द खोटा पडला असता.

"आप्पा, एकात मी गूळ घातलाय."

ते कट्ट्यावर बसले. आत्ती म्हणाल्या, "कुणाला कळतंय? पाद्री काय पिंपात उतरणार हाय व्हय?"

"त्यास्नी न्हाय कळणार," आप्पा म्हणाले. "म्हणून तर माझ्याकडं दिलंय."

आणि आमच्या सांबऱ्याहून कॅम्पातल्या चर्चपर्यंत चालत गेले.

परतले तेव्हा ऊन कललं होतं. "एकच घेणार. थेंब थेंब पुरवतो म्हणाले. गूळ कुणी घातला, इचारलं. म्हटलं, राखण माझी हुती."

मी पदरात तोंड खुपसलं. त्यांनी पटका काढला, हात धुतले, दांडा घेतला आणि गुळाच्याच पिंपाकडं गेले. तसेच सावकाश, तसेच जपून थर दाबू लागले.

"ते आता कशाला, आप्पा? चर्चला जाणार न्हाय की."

"न्हाय जाणार. पन द्राक्षांनी काय केलंय?" त्यांनी दांडा माझ्यापुढं धरला. "राजाबाई, ये. दोन्ही हातांनी धर."

आत पाळणा कुरकुरला. आत्ती उठल्या. मी दांडा टेकवला, पण सालींचा थर हलेना.

"अंग टाक त्यावर," आप्पा म्हणाले. "तळापतोर जाऊ दे."